वळिवड्याचे पोलिश आणि मुंबईतली वकिलात

आमच्या लकडगंजात कच्छहून आलेले वखारवाले पिढ्यान् पिढ्या नांदले. परमुलखात त्यांना ज्ञातीचा आधार होता, आणि देश तर आपलाच. पण ज्यांचा देशच हातचा गेला, त्यांनी कोणाकडे पाहायचं?

१९४० पासून रशियनांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरियाकडे धाडली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर, १९४१ मध्ये, त्यांची सुटका झाली. त्यातली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला वसाहत उभी राहिली. वस्ती सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं पोलिश! आम्ही शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत याची एक ओळही नव्हती.

वकिलात म्हटलं की आपल्याला व्हिसाची रांग आठवते. मुंबईचे पोलिश कॉन्सुल जनरल बानासिन्स्की मात्र या लोकांचे पालकच झाले होते. त्यांच्या पत्नी किराबाई पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी. वसाहतीचा खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर पडे.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या साम्यवादी सरकारला दिली. लंडनचं सरकार गेलं, तशी त्याची वकिलातही गेली. वळिवडं मात्र भरलेलंच! घरी जावं, तर बहुतेकांची गावं आता रशियाच्या हद्दीत.

१९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. बरेच जण इंग्लंडला गेले. किराबाई इथेच राहिल्या, हैदराबादच्या झाल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.