एका कॅमेऱ्यावरून पेटलेली सीमा: मध्य आशियातल्या पाण्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. एकच विनंती: मोबाईलवर नकाशा उघडा, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

एप्रिल २०२१. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानच्या सीमेवर गोलोव्नोय नावाचं एक ठिकाण आहे. इस्फारा नदीचं पाणी तिथून दोन्हीकडच्या कालव्यांत वाटलं जातं. ताजिक बाजूच्या लोकांनी तिथल्या खांबावर कॅमेरा बसवायला घेतला. साधा पाळत ठेवायचा कॅमेरा. किर्गिझ बाजूच्यांनी विरोध केला. आधी दगडफेक झाली आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार. पन्नासहून जास्त माणसं गेली, हजारोंना घरं सोडावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा तेच, आणि त्या वेळी मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला.

आता तुम्ही म्हणाल, एका कॅमेऱ्यासाठी? नाही. भांडण पाण्याचं होतं, आणि पाण्यापेक्षाही जास्त ते पाणी नेमकं कोणाच्या जमिनीवर आहे याचं होतं.

नकाशावर फरगाणा खोरं शोधा. हो, बाबराचं फरगाणा. १४८३ मध्ये तो जन्मला ते अंदिजान शहर आज उझबेकिस्तानात आहे. तिथून थोडंसं पूर्वेला गेलं की ओश लागतं, ते किर्गिझस्तानात. पश्चिमेचं खुजंद ताजिकिस्तानात. एकच सलग, सुपीक खोरं आणि तीन देश! आणि झूम करत गेलात तर सोख नावाचा तुकडा दिसेल. तो उझबेकिस्तानचा, चारही बाजूंनी किर्गिझस्तानने वेढलेला, आणि राहणारे जवळपास सगळे ताजिक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी टायपो केलाय.

हे असं का झालं, याचं इंटरनेटवरचं लाडकं उत्तर म्हणजे ‘स्टॅलिनने मुद्दाम वेड्यावाकड्या रेषा मारल्या’. ऐकायला भारी वाटतं, पण मला ते अर्धवट वाटतं. १९२४ मध्ये सोव्हिएत सत्तेने इथे भाषा आणि वांशिक ओळखीच्या आधारावर प्रजासत्ताकं पाडायला सुरुवात केली, तेव्हा स्थानिक कम्युनिस्ट नेतेही आपापल्या बाजूने जोरदार भांडत होते. बाजारपेठेचं शहर आम्हाला हवं, हा कालवा आमचा, वगैरे. खुजंद तर १९२९ मध्ये उझबेक प्रजासत्ताकातून काढून ताजिकांना दिलं गेलं. शिवाय त्या वेळी या सीमा एकाच देशाच्या आतल्या होत्या. आपल्याकडे दोन जिल्ह्यांमधली हद्द रस्त्यात कुठे ओलांडली हे आपल्याला कळतं का? तसंच.

आता नद्या. पामीर आणि तिएन शान या पर्वतांमधून दोन मोठ्या नद्या निघतात, अमू दर्या आणि सिर दर्या. वरच्या अंगाला ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान: डोंगर, बर्फ, पाणी भरपूर, पण तेल आणि गॅस जवळपास नाहीच. खालच्या अंगाला उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान: तेल, गॅस, कोळसा यातलं काही ना काही आहे, पण शेती या दोन नद्यांच्या जिवावर. आणि शेती म्हणजे मुख्यतः कापूस.

कापसाची एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला. त्या तेजीत मुंबईचे व्यापारी मालामाल झाले हे आपण शाळेत शिकलोय. त्याच टंचाईमुळे रशियन गिरण्यांची नजर मध्य आशियाकडे वळली. पुढे सोव्हिएत काळात तर कापसाचा हट्टच धरला गेला. काराकुम कालव्याने अमू दर्याचं पाणी हजार किलोमीटरहून जास्त लांब वाळवंटात नेलं. परिणाम? १९६० मध्ये अरल समुद्र हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. आज मुयनाक या एकेकाळच्या बंदरात बोटी वाळूत रुतून गंजत पडल्यात, आणि पाणी क्षितिजावरही दिसत नाही.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट तोक्तोगुल धरणाची आहे. किर्गिझस्तानात नारिन नदीवरचं हे धरण १९७० च्या दशकात उभं राहिलं. साठा सुमारे १९.५ अब्ज घनमीटर, मूळ वीजक्षमता १,२०० मेगावॅट. मॉस्कोने व्यवस्था अशी लावली: किर्गिझांनी हिवाळ्यात पाणी धरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात खालच्या कापसासाठी आवर्तन सोडायचं. बदल्यात हिवाळ्यात खालून गॅस आणि कोळसा वर यायचा. अरलचा बळी देऊन का होईना, सिस्टीम चालत होती.

मी दिवसभर बॅकएंडचं काम करतो, त्यामुळे १९९१ मध्ये काय झालं ते मला असं दिसतं: एकच मोठं जुनं सॉफ्टवेअर, सगळे मॉड्यूल एकमेकांत गुंतलेले, आणि एका रात्रीत पाच वेगळे मालक. कोणाकडेच अॅडमिन राइट्स नाहीत. १९९२ मध्ये पाचही देशांनी सोव्हिएत काळातला पाण्याचा कोटा तसाच ठेवायचं मान्य केलं, पण गॅसच्या फुकट-स्वस्ताईबद्दल कोणी हमी दिली नाही. उझबेकिस्तान म्हणाला, गॅस हवा तर बाजारभाव द्या. किर्गिझांकडे पैसे नव्हते. मग त्यांनी हिवाळ्यातच पाणी सोडून वीज बनवायला सुरुवात केली. खाली ऐन थंडीत पूर, आणि उन्हाळ्यात शेतं कोरडी. १९९८ मध्ये सिर दर्यासाठी करार झाला, पण दरवर्षी नव्याने घासाघीस ठरलेलीच.

ताजिकिस्तानची हालत तर आणखी वाईट. २००७-०८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तिथे विजेचे हाल हाल झाले. त्यांचं उत्तर होतं वख्श नदीवरचं रोगून धरण, नियोजित उंची ३३५ मीटर. उझबेकिस्तानचे अध्यक्ष करीमोव यांनी २०१२ मध्ये सरळ इशारा दिला की पाण्यावरून युद्धं होऊ शकतात. त्याआधी ताजिकिस्तानकडे जाणारे रेल्वेचे वॅगनही उझबेकिस्तानने अडवून ठेवले होते.

२०१६ मध्ये करीमोव गेले आणि मिर्झियोयेव आले. ते फार लोकशाहीवादी आहेत असं अजिबात नाही, पण शेजाऱ्यांशी भांडून आपलंच नुकसान होतंय हे त्यांना कळलं. उझबेकिस्तानला समुद्र गाठायचा तर किमान दोन देश ओलांडावे लागतात. अशी अवस्था असलेला जगात दुसरा एकच देश, लिक्टेनस्टाइन, आणि तो श्रीमंत आहे! २०१८ मध्ये मिर्झियोयेव दुशांबेला गेले, रोगूनचा विरोध मावळला. आता किर्गिझस्तानच्या काम्बाराता-१ धरणात उझबेकिस्तान आणि कझाकस्तान भागीदार व्हायला तयार आहेत. ज्यांना धरणाची भीती होती तेच आता पैसे घालणार. आणि मार्च २०२५ मध्ये किर्गिझस्तान-ताजिकिस्तानने पूर्ण सीमा आखून सही केली, गोलोव्नोयसकट.

तरी रोजची चूल वेगळ्याच गोष्टीवर पेटते. ताजिकिस्तानच्या जीडीपीच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम बाहेर, मुख्यतः रशियात, राबणारी माणसं पाठवतात. कागदावर आकड्यांनी देश उभा दिसतो, पण गावांत तरुण पुरुष कमी दिसतात. फौज ज्या शेतासाठी लढली, त्या शेताचा मालक मॉस्कोत बांधकामावर, असंही असू शकतं.

आणि आता एक सहावा खेळाडू आलाय. अफगाणिस्तानात तालिबान सरकार २०२२ पासून कोश तेपा कालवा खोदतंय, लांबी सुमारे २८५ किलोमीटर, पाणी अमू दर्याचं. नदीवर अफगाणिस्तानचाही हक्क आहे हे कोणी नाकारत नाही, पण १९९२ च्या करारात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे त्यांना बांधून ठेवणारा कागद नाही, आणि खालच्या उझबेक-तुर्कमेन शेतकऱ्याला धीर देणाराही नाही.

कालव्यावर वेगळा भाग करायचाय, थोडं वाचन बाकी आहे. तोपर्यंत नकाशावर सोख सापडलं तर स्क्रीनशॉट पाठवा. भेटूया!