स्वतःच्याच देशात जायला दोनदा सीमा ओलांडायची! काय आहे डुब्रोव्हनिकची भानगड?

'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेल्यांना डुब्रोव्हनिक वेगळं सांगायला नको. किंग्ज लँडिंगचं बरंचसं चित्रीकरण याच तटबंदीच्या शहरात झालं. क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्राकाठी असलेल्या डुब्रोव्हनिक-नेरेत्वा काउंटीचं हे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार.

आता नकाशा झूम करून बघा. हा जिल्हा सलग नाहीच! मध्येच शेजारच्या बॉस्निया-हर्झेगोविनाची एक चिंचोळी पट्टी थेट समुद्रापर्यंत आली आहे. तिथल्या गावाचं नाव नेउम. बॉस्नियाकडे समुद्रकिनारा आहे तो एवढाच, सुमारे २० किलोमीटर.

त्यामुळे २०२२ पर्यंत स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला रस्त्याने निघालेला माणूस क्रोएशियातून बाहेर पडायचा, बॉस्नियात जेमतेम नऊ-दहा किलोमीटर गाडी चालवायचा आणि पुन्हा क्रोएशियात शिरायचा. दोन्हीकडे तपासणी, उन्हाळ्यात लांबलचक रांगा. हे टाळायचं तर फेरीबोट पकडायची.

ही पट्टी आली कुठून? उत्तर थेट १६९९ सालात आहे.

तेव्हा डुब्रोव्हनिक हे रागुसा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. आकाराने छोटं, पण समुद्री व्यापारात मुरलेलं. बलाढ्य ऑटोमन साम्राज्याला ते दरवर्षी १२,५०० सोन्याची नाणी खंडणी द्यायचं आणि बदल्यात निर्धास्त व्यापार करायचं. त्याला खरी धास्ती होती ती व्हेनिसची. त्यात १६६७ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झालेलं. पुढे ऑटोमनांविरुद्धच्या युद्धात व्हेनिसने आसपासचा मुलूख जिंकला आणि धोका अगदी दारात आला.

कार्लोवित्झच्या तहात रागुसाने भन्नाट डाव टाकला. उत्तरेला नेउम आणि दक्षिणेला सुतोरिना असे दोन तुकडे ऑटोमनांकडे जातील, अशी व्यवस्था झाली. म्हणजे व्हेनिसला जमिनीवरून यायचं तर आधी ऑटोमनांच्या हद्दीतून यावं लागणार. नकोसा शेजारी टाळायला मधली जागाच तिसऱ्याला देऊन टाकली!

पुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजेने रागुसाही बरखास्त केलं. ऑटोमनही गेले. रेघ मात्र राहिली. युगोस्लाव्हिया एक देश असेपर्यंत ती कुणाला जाणवली नाही. तो फुटला आणि नेउमची हद्द आंतरराष्ट्रीय सीमा झाली. त्याच युद्धात, १९९१ च्या ऑक्टोबरपासून डुब्रोव्हनिकला वेढा पडला. जमिनीचे रस्ते तुटल्यावर शहराचा आधार उरला तो समुद्राचा. (दुसरा तुकडा, सुतोरिना, आज माँटेनेग्रोत आहे.)

२०१३ मध्ये क्रोएशिया युरोपियन युनियनमध्ये गेला आणि ही सीमा युनियनचीही झाली. मग तोडगा निघाला तो पुलाचा. कोमार्ना गावाजवळून पेल्येशात्स द्वीपकल्पापर्यंत २,४०४ मीटर लांबीचा पूल. ३५.७ कोटी युरो युरोपियन युनियनचे, बांधकाम चिनी सरकारी कंपनीचं. २६ जुलै २०२२ ला तो खुला झाला आणि बॉस्नियात न शिरता डुब्रोव्हनिक गाठता येऊ लागलं.

बॉस्नियाचा आक्षेप होता की, पुलामुळे नेउमकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट अडेल. म्हणून जहाजांसाठी पुलाखाली ५५ मीटर उंची मोकळी ठेवली आहे. नेउममध्ये मोठं व्यापारी बंदर मात्र अजून नाही. बॉस्नियाचा माल आजही प्रामुख्याने प्लोचे बंदरातून जातो, आणि ते आहे क्रोएशियात, याच जिल्ह्यात.