कलम ६६अ : जन्म, वापर आणि अंत
माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तो मुख्यतः ई-व्यापाराला आधार देण्यासाठी. कलम ६६अ त्यात नव्हते. ते २००८ च्या दुरुस्तीने आले. मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता आणि लोकसभेने ती दुरुस्ती चर्चेविना संमत केली. ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर पाठवणे, तसेच त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती पाठवणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. शब्दरचना ब्रिटनच्या १९३५ च्या टपाल कायद्याच्या वळणाची होती. त्यातली ती तरतूद टेलिफोनवरील अश्लील, धमकीच्या बोलण्यासाठी होती, जाहीर मतप्रदर्शनासाठी नव्हे.

‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय हे कायद्याने सांगितले नाही, म्हणून ते पोलिस ठाण्यातला अधिकारी ठरवू लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी तरुणी आणि तो मजकूर केवळ ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्याच महिन्यात श्रेया सिंघल ही तरुणी या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली.

२४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. चर्चा, समर्थन आणि चिथावणी वेगळ्या आहेत; रोखता येते ती चिथावणी, असे निकालात म्हटले आहे. संकेतस्थळे रोखणारे कलम ६९अ मात्र टिकले. रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवणेही थांबेना. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पोलिसांना पुन्हा बजावावे लागले.