कोठीतला आखाडा

आमच्या भंडाऱ्याकडं तालीम कोणी म्हणत नाही, आखाडाच म्हणतात. आमच्या गावचा आखाडा होता मालगुजाराच्या धानाच्या कोठीत. १९५१ साली मालगुजारी गेली अन् कोठी ओस पडली. माझ्या आज्यानं त्या कोठीत बेगारीत धानाची पोती वाहिली होती.

१९७४ च्या उन्हाळ्यात गावच्या पोट्ट्यांनी ती मागून घेतली. मीही त्यांच्यात होतो. कवेलू फेरले, आंधळ्या भिंतीला दोन खिडक्या पाडल्या. तलावाच्या पाळीवरची माती बंडीनं आणून चाळली, तिच्यात हळद, तेल, ताक कालवलं. मजुरी कोणी मागितली नाही. वस्तादानं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी वर्ग केला होता. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेलं ते मंडळ, १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन खेळ दाखवून आलेलं. लाठी, लेझीम, दांडपट्टा आम्ही त्याच्याकडूनच शिकलो.

भांडण झालं ते मातीवरून. दोन मोहल्ल्यांची पोरं वेगवेगळ्या दिवशी उतरवा, असं काही म्हाताऱ्यांचं म्हणणं. वस्ताद काही बोलला नाही. पहिलीच जोड त्यानं त्या दोन मोहल्ल्यांची लावली. तीन घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. दोन घरची पोळ्यापर्यंत परतली, तिसऱ्या घरचं पोरगं कधीच आलं नाही.

आजा एकदाच पाहायला आला. चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"आजा, आत या ना."

"डोक्यावर पोतं नाही बाप्पा, मंग आत कायले येऊ?"