फ्लॉपीवरून आलेलं दुखणं

मानवतसारख्या तालुक्याच्या गावात ज्या दुकानात झेरॉक्स निघते, तिथंच पीकविम्याचा अर्ज भरला जातो, सातबारा निघतो, परीक्षेचे फॉर्म भरले जातात आणि लग्नपत्रिकेचा मजकूरही जुळवला जातो. त्या एकाच कॉम्प्युटरला दिवसभर गावभरचे पेनड्राइव्ह लागत राहतात. संध्याकाळी त्यातलाच एखादा घरी येतो, मुलगा तो घरच्या कॉम्प्युटरला लावतो, आणि ‘फोटो’ नावाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण दिसतो.

या बाणाला सगळे ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. खरा फोल्डर तिथंच असतो, पण व्हायरसने त्याला लपवलेल्या फाइलचा शिक्का मारलेला असतो आणि त्याच नावाची खोटी पाटी पुढे लावलेली असते. पाटीवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. फोटो दिसल्यामुळे कुणाला शंका येत नाही. एव्हाना तो घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला असतो आणि पुढच्या पेनड्राइव्हची वाट बघतो. फाइली दिसत नाहीत म्हणून घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारणारे मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नये. जाणकार माणूस व्हायरस साफ करून, लपवलेल्या फाइलींवरचा शिक्का काढून, बहुतेक वेळा सगळं परत मिळवून देतो.

हे दुखणं पेनड्राइव्हपेक्षा जुनं. 1982 मध्ये रिच स्क्रेंटा या अमेरिकेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रांची खोडी काढायला ‘एल्क क्लोनर’ लिहिला. तो ॲपल कॉम्प्युटरच्या फ्लॉपीतून पसरला. पुढच्याच वर्षी फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने आपली नक्कल स्वतःच करणारा प्रोग्राम कॉम्प्युटरचा ताबा किती लवकर घेतो, हे विद्यापीठात दाखवून दिलं. पण आपल्या घरी येणाऱ्या पीसीचा पहिला व्हायरस निघाला 1986 मध्ये, आणि तो लाहोरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून.

ते दुकान बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचं. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात, हे त्यांना खटकत होतं. त्यांनी ‘ब्रेन’ लिहिला. कॉम्प्युटर सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचतो, त्यात तो जाऊन बसायचा. मूळ मजकूर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा खराब आहे अशी नोंद करून ठेवायचा, म्हणजे तिकडे कुणी फिरकू नये. आत दोघा भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर होता. लस हवी असेल तर संपर्क साधा, असंही लिहिलेलं होतं! पुढे परदेशातून फोन येऊ लागले. फ्लॉपी हातोहात कुठवर जाते, याचा त्यांना अंदाजच नव्हता.

व्हायरसवरची आपल्याकडची लसही दुकानाच्या टेबलावरच जन्मली, आणि तीही दोघा भावांच्या हातून. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांचं शिक्षण दहावीनंतर सुटलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकून त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान थाटलं. मग दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. त्या काळात ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या व्हायरसची दहशत होती. तो वर्षभर गप्प राहायचा आणि 6 मार्चला डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. संजय यांनी तो काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. दुरुस्तीबरोबर दिलेल्या अशा प्रोग्राममधूनच 1990च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. 2007 मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. मराठवाड्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी असलेलं ‘नेट प्रोटेक्टर’ हेही पुण्याचंच. काटकरांच्या औषधाचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला, याचं मला फार मोल वाटतं. आजारी मशीन आधी त्यांच्यासमोर येत होतं, औषध त्यानंतर सुचत होतं.

जुना अँटिव्हायरस चालायचा खुणेवर. प्रत्येक व्हायरसच्या आत काही ठरावीक आकडे असतात. त्यांची यादी बाळगायची आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहायची. म्हणून यादी शिळी झाली की अँटिव्हायरस असून नसल्यासारखा. हल्लीचे अँटिव्हायरस प्रोग्रामची वागणूकही तपासतात. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली कुलूपबंद करू लागला, तर त्याला तिथंच अडवतात. घरच्या वापराला विंडोजसोबत फुकट येणारा ‘डिफेंडर’ बहुतेकांना पुरतो, असं माझं मत आहे. अट एवढीच, की तो चालू हवा आणि विंडोजचे अपडेट येत राहायला हवेत. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जुन्या मशीनवाल्यांनी याची दखल घ्यायलाच हवी.

सगळ्यात मोठं दार मात्र आपण स्वतः उघडतो. चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना सोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. अल्वी बंधूंनी चोरट्या नकला थांबवायला व्हायरस लिहिला होता. आज त्याच चोरट्या नकलांवर स्वार होऊन तो घरात येतो. पैसे वाचवण्यापायी मुलाचा प्रोजेक्ट, घरचे हिशेब, आजोबांचे स्कॅन केलेले फोटो पणाला लावू नयेत. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्यावर भरवशाचा उपाय एकच राहतो: वेगळ्या डिस्कवर ठेवलेली प्रत. आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवलेली हवी. लावलेलीच राहिली तर तीही कुलूपबंद होते.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्हही मागे पडत चालला. आता हेच दुखणं व्हॉट्सॲपवर ‘एपीके’, म्हणजे फोनवर ॲप इन्स्टॉल करणारी फाइल होऊन येतं, कधी पीएम किसानच्या नावाने, कधी आरटीओच्या चलनाच्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच आलेली लग्नपत्रिका उघडली आणि सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गमावले. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. फोन ‘इन्स्टॉल करू का’ असं विचारू लागला, तर ती पत्रिका नाही. चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येतात.