उभ्या गाडीची बॅटरी का उतरते? १८५९ पासूनचा हिशेब

१/
२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागू झाली आणि रोज धावणाऱ्या मोटारी इमारतींच्या आवारात जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी मालकांनी किल्ली फिरवली, तेव्हा अनेक गाड्यांच्या सेल्फने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. त्यांत जेमतेम वर्षभराच्या गाड्याही होत्या. दोष बॅटरीच्या माथी मारला गेला. प्रत्यक्षात त्यामागे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठरलेला एक व्यवहार होता. हा धागा त्या व्यवहाराच्या इतिहासाचा.

२/
१८०० साली व्होल्टाने विद्युतघट तयार केला. त्याची रसायने संपली की घटही संपत असे. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, त्यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवली. रिकामा झाल्यावर विजेने पुन्हा भरता येणारा हा पहिला घट. आजच्या बहुतेक मोटारींच्या बॉनेटखाली त्याचाच वंशज बसलेला आहे.

३/
प्लांतेचे पत्रे तयार व्हायला फार वेळ लागे. १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. लेप धरून ठेवायला जाळी हवी. पण शुद्ध शिसे फार मऊ. म्हणून त्याच काळात शिशात अँटिमनी मिसळून ताठ जाळ्या ओतण्यात येऊ लागल्या. हा अँटिमनी लक्षात ठेवावा. पुढे तोच घरभेदी ठरतो.

४/
१८८२ साली ग्लॅडस्टन आणि ट्राइब या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी या घटाचे रहस्य उलगडले. वीज देताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते. चार्ज करताना ते पुन्हा मूळ रूपात परतते. मात्र ते ताजे आणि बारीक कणांचे असेल तरच सहज परतते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. मग चार्जर लावूनही ते पुरते विरत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. यालाच गॅरेजमध्ये ‘सल्फेशन’ म्हणतात.

५/
त्या काळी ही बॅटरी गाडी सुरू करण्यासाठी नव्हे, तर गाडी ओढण्यासाठी वापरली जाई. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झीने पॅरिसजवळ विजेच्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा प्रथमच ओलांडला. ती शक्ती शिसे आणि गंधकाम्लाचीच होती. पेट्रोलच्या गाड्यांचा पल्ला मोठा होता, पण त्यांच्या वाट्याला एक संकट होते : हँडल.

६/
हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. पण त्या पद्धतीचा एक गुण नजरेआड करता येत नाही. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ठिणगीची वीज इंजिनासोबत फिरणारा मॅग्नेटो देत असे. अशी गाडी सहा महिने उभी राहिली, तरी विजेच्या बाबतीत तिच्यात उतरण्यासारखे काही नव्हते.

७/
हे चित्र ओहायोतील डेटन शहरात बदलले. चार्ल्स केटरिंग याने आधी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर तयार केली होती. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा समज होता. गल्ल्याच्या कामातून केटरिंगला उमगले होते, की मोटर काही क्षणच चालवायची असेल, तर छोट्या मोटरवरही तेवढ्यापुरता प्रचंड भार टाकता येतो.

८/
१९११ साली त्याने हा सेल्फ-स्टार्टर चालवून दाखवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. तेच यंत्र आधी इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की डायनॅमो बनून बॅटरी भरी. १९१९ मध्ये ‘मॉडेल टी’लाही सेल्फ मिळू लागला. हँडल गेले आणि विजेच्या गाडीचा एक मोठा फायदाही गेला. गाडी ओढण्याच्या स्पर्धेत हरलेली शिशाची बॅटरी विजेत्या पेट्रोल इंजिनाच्या चाकरीला लागली.

९/
व्यवहार ठरला तो इथे. बॅटरीने क्षणभर मोठे कर्ज द्यायचे आणि इंजिनाने ते लगेच फेडायचे. सेल्फने २ सेकंद १५० अँपिअर घेतले, तर खर्च होतो ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.१ अँपिअर-तासाहूनही कमी. एकदम इतका प्रवाह देता यावा म्हणून या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीने बसवतात. अशा प्लेटांना पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरणे सोसत नाही. गाडी नियमित धावेल, हे सारे गणित त्या गृहीतकावर उभे आहे.

१०/
हे गृहीतक मोडले की काय होते, ते दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनने अनुभवले. सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४२ मध्ये खासगी मोटारींचा मूळ कोटाही बंद झाला. गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून वर्षानुवर्षे बंद ठेवल्या गेल्या. बॅटरीबाबतचे शहाणपण तेव्हाही हेच होते : ती काढून ठेवावी, भरलेली ठेवावी आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करावी.

११/
काढून ठेवलेली बॅटरी पुन्हा चार्ज का करावी लागे? कारण तारा सोडल्या तरी आतली रसायने थांबत नाहीत. जाळीतला अँटिमनी हळूहळू विरघळून ऋण प्लेटेवर जाऊन बसतो, तिथे सूक्ष्म घट तयार होतात आणि बॅटरी आतल्या आत रिकामी होत जाते. हे स्वविसर्जन. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, की त्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात उभी असलेली गाडी महाबळेश्वरातल्या गाडीपेक्षा लवकर रुसते.

१२/
यावरचा उपाय मोटारींच्या जगाबाहेरून आला. टेलिफोन एक्स्चेंजमधील राखीव बॅटऱ्या सदैव भरलेल्या आणि बहुधा निष्क्रिय असत. १९३५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळलेल्या शिशाचा अभ्यास मांडला. १९७० च्या दशकात हीच कल्पना ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीच्या रूपाने मोटारीत आली. स्वविसर्जन खूप घटले आणि डिस्टिल्ड वॉटर घालण्याची कटकटही संपली.

१३/
दरम्यान कर्जफेडीची बाजूही सुधारली. डायनॅमो मंद गतीवर जेमतेमच वीज देई. त्यामुळे शहरात रखडत चालणाऱ्या गाडीची बॅटरी उपाशी राही. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये सिलिकॉन डायोड असलेला अल्टरनेटर आला. तो मंद गतीवरही पुरेशी वीज देई. उभ्या गाडीचा प्रश्न आता सुटणार, असे वाटावे अशी ही वेळ होती.

१४/
पण मागल्या दाराने नवा खर्च शिरला. जुन्या अँबॅसेडरची किल्ली काढली, की बॅटरीवर जवळपास काहीच भार उरत नसे. पुढे रिमोट लॉक, अलार्म आणि इंजिनाचा संगणक आला. १९८६ साली बॉश कंपनीने ‘कॅन बस’ मांडली आणि गाडीतले अनेक छोटे संगणक एकमेकांशी बोलू लागले. गाडी बंद केल्यावर ते झोपतात. पण झोपेतही थोडी वीज पितात. निर्दोष गाडीतही हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो.

१५/
आता हिशेब. ३० मिलिअँपिअर × २४ तास = रोज ०.७२ अँपिअर-तास. महिन्याला २१.६. छोट्या मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची; म्हणजे कसलाही बिघाड नसताना महिन्यात तिच्यातला सुमारे तीन पंचमांश साठा गेला. टाळेबंदीत नव्या गाड्याही का अडल्या, याचे उत्तर या गुणाकारात आहे. त्यातच डिकीतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला, तर रोज १० अँपिअर-तास जातात. मग चार दिवसही निघत नाहीत.

१६/
जुना तोडगाही याच काळात निसटला. बॅटरी बसली तर हँडल होते. हँडल गेल्यावर चार माणसे जमवून गाडीला धक्का मारता येई. आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि संगणक यांनाच आधी वीज लागते. बॅटरी पुरती उतरली असेल, तर धक्क्याचा उपयोग होत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत तर तो मार्ग जवळपास बंदच झाला.

१७/
मग ‘आठवड्यातून पाच मिनिटे गाडी चालू ठेवा’ हा सल्ला कितपत खरा? आठवड्याचा खर्च सुमारे ५ अँपिअर-तास. अल्टरनेटरने बॅटरीला अगदी २० अँपिअर दिले, तरी ५ मिनिटांत जमा होतात जेमतेम १.७. शिवाय शिशाची बॅटरी भरत आली, की वीज स्वीकारण्याचा तिचा वेग मंदावतो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात. उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटे घुरघुरवण्याने हे कर्ज फिटत नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवणे बरे. उत्तम उपाय म्हणजे चार्जर.

१८/
इतिहासाच्या या तीन टप्प्यांतच दोष शोधण्याची रीत दडली आहे.
पहिली तपासणी प्लांतेच्या रसायनाची : बॅटरी पूर्ण चार्ज करावी, ऋण तार सोडावी आणि काही तासांनी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. तार सोडलेली असतानाही दोन-तीन दिवसांत आकडा घसरला, तर बॅटरीच थकली आहे.

१९/
दुसरी तपासणी १९६० च्या अल्टरनेटरची : बॅटरी जोडून इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, एवढे ध्यानात असावे.
तिसरी तपासणी झोपलेल्या संगणकांची : इंजिन बंद, दारे बंद, किल्ली दूर. ऋण तारेच्या मध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडावा आणि सारे झोपेपर्यंत अर्धा-एक तास थांबावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा कोसळेल, चोर त्याच वाटेवर आहे. नंतर बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस, डिकीचा दिवा हे नेहमीचे संशयित.

२०/
गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर ऋण तार सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. आधी ऋणच का? बहुतेक गाड्यांत सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडताना पाना सांगाड्याला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. ऋण तार आधी सोडली की तो धोका टळतो. तार सोडल्याने घड्याळ आणि काही सेटिंग पुसली जातात, अलार्मही बंद पडतो. आवारात प्लग असेल, तर आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर लावता येतो. जागा मात्र हवेशीर असावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो. आणि बॅटरी उतरलीच, तर ती तशीच पडू देऊ नये. सल्फेट टणक होण्यापूर्वी ती भरली पाहिजे.

२१/
विजेच्या मोटारी परतल्या, तरी ही कथा संपलेली नाही. त्यांतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि अनेक गाड्यांत ती शिशाचीच आहे. मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्या विजेवर चालतात. छोटी बसली, की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. १९१२ साली ठरलेला व्यवहार अजून चालू आहे. जो गाडी क्वचित चालवतो, त्याने बॅटरीचे देणे दुसऱ्या मार्गाने चुकते करावे, एवढीच त्याची अट.

धागा समाप्त.