दुसऱ्याचा प्रोग्राम वाचणारी पिढी

प्रोग्रामिंगच्या पहिल्या नोकरीला लागलेली मुलं भेटली की एक तक्रार हमखास करतात: "मॅडम, नवीन काही लिहायलाच मिळत नाही. कुणाचा तरी जुना कोड गळ्यात पडलाय." मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण मुंबईत हा धंदा उभा राहिला तोच मुळी दुसऱ्याचे प्रोग्राम वाचून.

सुरुवात अर्थात संशोधनातून झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'टिफ्रॅक' संगणक 1960 साली रीतसर सुरू झाला. आर. नरसिंहन यांच्या हाताखाली तो बांधणारी बहुतेक मुलं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नरसिंहन सोडले तर त्यांच्यापैकी कुणी त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. 1964 मध्ये संस्थेत सीडीसी 3600 हा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांची कामं कुलाब्याला येऊ लागली.

पोटापाण्याचं प्रोग्रामिंग मात्र निराळ्या वाटेनं आलं. 1968 साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची पहिली कामं म्हणजे पंच कार्डं आणि बँकेच्या शाखांमधल्या हिशेबांचा ताळमेळ. परकीय चलनाची चणचण होती. संगणक आयात करायचा तर त्या बदल्यात निर्यात करून डॉलर मिळवून द्यावे लागत. अशात 1974च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीनं एक काम दिलं: रुग्णालयाच्या हिशेबाचा, कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम बरोजच्याच दुसऱ्या जातीच्या मशीनवर चालेल असा करून द्यायचा. ज्या मशीनसाठी हा खटाटोप, ते मुंबईत पोचलंच नव्हतं! काम झालं ते आयसीएल 1903 या तिसऱ्याच मशीनवर. भारतातल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. आपण न लिहिलेला प्रोग्राम, समोर नसलेलं मशीन, आणि तरीही ओळ न्‌ ओळ समजून घेण्याची जिद्द. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

मी 1979 साली नोकरीला लागले तेव्हाही मशीनचा वेळ सोन्याच्या भावाचा होता. कोडिंग शीटवर पेन्सिलीनं लिहायचं, पंचिंगला द्यायचं, कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या खिडकीत ठेवायचा, आणि निकाल बहुधा दुसऱ्या दिवशी. गठ्ठ्याच्या कडेवर पेननं तिरकी रेघ मारलेली असे; कार्डं सांडली तर त्या रेघेवरून क्रम परत लावता येई. कोबोलमध्ये 'इफ'नंतरचा एक पूर्णविराम राहिला, तर पुढची वाक्यंही त्या अटीखाली जात. कंपायलर मुकाट्यानं पास करी आणि पगारपत्रक चुकीचं निघे. म्हणून आमच्या सीनियर बाई नव्या मुलींना आधी जुन्या प्रोग्रामचं छापील लिस्टिंग देत. कागदावर रकाने आखायचे, डोक्यावर व्हेरिएबलची नावं, आणि एक खरं रेकॉर्ड घेऊन प्रत्येक ओळीला कुठली किंमत बदलते ते लिहीत जायचं. याला आम्ही ड्राय रन म्हणायचो. महिनाभरात त्या प्रोग्रामचं मूळ लेखकाला जाणवलं नसेल इतकं अंतरंग कळे.

आजच्या मुलांनाही मी तेच करायला सांगते. हातात आलेल्या कोडमध्ये आधी डेटा शोधा: कुठून येतो, कुठे साठतो, त्याचा रिपोर्ट कोण वाचतो. मग एकच रेकॉर्ड धरा आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत चाला. मशीन आता क्षणात उत्तर देतं, कोडही लिहून देतं. पण ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला वाचता यावंच लागतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेनं, म्हणजे 2000 सालाच्या तारखांच्या घोळानं, या वाचनाची खरी परीक्षा घेतली. सालासाठी दोनच आकडे ठेवलेले जुने कोबोल प्रोग्राम मुंबई-पुण्यात ढिगांनी येऊन पडले. पुष्कळांनी याला हमाली म्हटलं. मला तो शब्द तेव्हाही पटला नाही. तारखेचं नाव नेहमी तारीखच असे थोडंच! कुठे ती एखाद्या क्रमांकाच्या पोटात दडलेली, कुठे 99चा अर्थ साल नव्हे तर 'फाईल संपली' असा. नुसता शब्द शोधून हे सापडत नसे, वाचावंच लागे. हे काम करणाऱ्या कितीतरी जणांना परदेशी बँकांनी आणि विमा कंपन्यांनी पुढे नव्या सिस्टिमची कामं दिली, कारण जुन्या सिस्टिमची खडान्‌खडा माहिती आता त्यांच्याकडेच होती.